पासवर्ड बरोबर होता

पगाराची फाइल बँकेत पाठवायच्या दिवशी सकाळीच लेखा विभागातून फोन सुरू झाले. लॉगिन होत नाही. हेल्पडेस्कवरच्या मुलाने नेहमीप्रमाणे पासवर्ड रिसेट करून दिले, पण फरक पडेना. मग मीच खाली गेलो.

स्क्रीनवर मजकूर असा: तुम्ही वापरत असलेल्या साइन-इन पद्धतीला परवानगी नाही, अधिक माहितीसाठी नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. ज्या बाईंच्या मशीनवर तो दिसत होता, त्यांनी मला बाजूला बोलावून हळूच विचारलं, "साहेब, मला कामावरून काढलंय का हो?" 'परवानगी नाही' एवढंच त्यांनी वाचलं होतं, आणि त्यावरून दुसरा काय अर्थ काढणार? बंदी माणसावर आहे की मशीनवर, ती कुणी घातली, यातलं काहीच हा मजकूर सांगत नाही. असे संदेश लिहिताना समोर बसलेल्या माणसाचा विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मी त्यांना शेजारच्या विभागातल्या मशीनवर बसवलं. तिथे पहिल्याच झटक्यात लॉगिन झालं. म्हणजे खातं शाबूत होतं. ते आधी त्यांना सांगितलं आणि मग मशीनकडे वळलो.

डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधली सगळी खाती तपासणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये त्यांच्या नावाची ४७६८ क्रमांकाची यशस्वी नोंद होती. पासवर्ड तपासला, पटला, तिकीट (ओळख पटल्याचा डिजिटल पुरावा) दिलं. आणि त्याच वेळेची त्यांच्या मशीनवरची नोंद मात्र ४६२५, लॉगिन नाकारलं. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: या मशीनवर अशा प्रकारे लॉगिन करण्याचा हक्क वापरकर्त्याला दिलेला नाही. विंडोजमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही कोण आहात हे डोमेन, म्हणजे कंपनीचं मध्यवर्ती नेटवर्क, ठरवतं. या मशीनसमोर बसून काम करू द्यायचं की नाही, हे त्या मशीनला लागू असलेली 'अलाऊ लॉग ऑन लोकली' ही यादी ठरवते. पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी त्या यादीत नाव येत नाही.

सहकाऱ्याने ॲडमिनच्या खात्याने शिरून लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडली. यादीत विभागाचा ग्रुप टाकायला गेला, तर 'ॲड'चं बटण करडं, दाबलंच जाईना. तो वैतागला, मला मात्र तिथेच दिशा मिळाली. बटण करडं आहे, म्हणजे ही सेटिंग वरून, ग्रुप पॉलिसीतून (अनेक मशीन्सना एकाच जागेवरून लावलेल्या नियमांतून) आलेली आहे.

मशीनवर कुठल्या पॉलिसी लागू आहेत ते दाखवणारी जीपीरिझल्ट ही कमांड चालवून रिपोर्ट काढला. लागू झालेली पॉलिसी होती प्रशिक्षण कक्षाची! आदल्या संध्याकाळी आमच्यातल्याच एकाने ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली, म्हणजे खात्यांच्या आणि मशीन्सच्या मध्यवर्ती नोंदवहीतली, पसरलेली मशीन्स नीट ओयूंमध्ये (तिच्यातल्या कप्प्यांमध्ये) लावली होती. काम गरजेचंच होतं. पण नवा ओयू ज्याच्या पोटात होता, त्या वरच्या ओयूला प्रशिक्षण कक्षाची पॉलिसी जोडलेली होती, आणि तिच्या यादीत फक्त ॲडमिन आणि प्रशिक्षणार्थींचा ग्रुप. डोमेन पातळीवरच्या यादीत सगळे कर्मचारी होते, पण या याद्या एकमेकींत मिसळत नाहीत. मशीनच्या जवळच्या ओयूची यादी वरच्या यादीला पूर्ण पुसून तिची जागा घेते. मला वाटतं, ग्रुप पॉलिसीत सर्वांत जास्त लोक इथेच फसतात.

एकाच रांगेत एकाचं काम चालू आणि शेजारचा अडकलेला, याचाही उलगडा झाला. पॉलिसी साधारण ९० मिनिटांनी ताजी होते, त्यात ३० मिनिटांपर्यंतचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. शिवाय मशीन चालू होताना ती लागू होते. आधीपासून लॉगिन असलेल्यांना ती बाहेर काढत नाही.

मशीन्स जुन्या ओयूत परत नेली, एकेका मशीनवर पॉलिसी लगेच ताजी करणारी जीपीअपडेट ही कमांड चालवली आणि लोक कामाला लागले. फक्त एक तरुण लेखापाल उरला. सगळ्यांना वाटलं पॉलिसी अजून पोचली नाही. मी त्याला संदेश शब्दन् शब्द वाचायला सांगितला: तुमचं खातं हा संगणक वापरू नये अशा रीतीने सेट केलेलं आहे, दुसरा संगणक वापरून पाहा. हे तर निराळंच प्रकरण! त्याच्या खात्याच्या 'लॉग ऑन टू' यादीत ठरावीक मशीन्सची नावं होती, आणि आदल्या संध्याकाळच्या त्या आवराआवरीत त्याच्या मशीनचं नावच बदललं होतं. यादीत नवं नाव टाकलं आणि तो आत गेला.

पगाराची फाइल वेळेत गेली. आता मशीन्स हलवण्याआधी आम्ही ग्रुप पॉलिसी मॉडेलिंग या, आधीच अंदाज दाखवणाऱ्या साधनात नवा ओयू निवडून कुठली पॉलिसी लागू होईल ते पाहून घेतो, आणि हेल्पडेस्कवर पासवर्ड रिसेट करण्याआधी स्क्रीनवरच्या मजकुराचा फोटो मागवला जातो.