सारांश चालणार नाही

एम.ए. समुपदेशनाच्या दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्यावर खार खाऊन असतात, ती व्हर्बेटिममुळे. सेशन झालं की त्याच दिवशी बसायचं आणि क्लायंट काय बोलला, आपण काय बोललो, कुठे गप्प बसलो, सगळं जसंच्या तसं लिहून काढायचं. 'मॅडम, सारांश दिला तर?' असं दर बॅचला कुणीतरी विचारतंच. सारांशात सगळेच उत्तम समुपदेशक असतात हो!

एकीने रिपोर्टात लिहिलं होतं, 'क्लायंटच्या भावनांना प्रतिसाद दिला.' व्हर्बेटिम मागितलं. (तपशील अर्थातच बदललेत.)

'बारावीला ड्रॉप घेतला तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलतच नाहीत.'
'अरे, होईल सगळं नीट. आता क्लास कुठला लावलायस?'

मोठ्याने वाचताना ती 'क्लास'पाशी अडखळली. हा प्रश्न का विचारलास म्हटलं, तर म्हणाली, 'मला वाटलं तो रडेल. रडला असता तर मी काय केलं असतं?' प्रशिक्षणातला खरा धडा इथे सुरू होतो. मग मी क्लायंट झाले, तेच वाक्य म्हटलं आणि तिला सांगितलं, काही बोलू नकोस, नुसती ऐक. थोड्याच वेळात तिचा हात पेनाच्या टोपणाकडे गेला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, 'घरात असूनही एकटं वाटत असेल.' बास, एवढंच हवं होतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी 1940 च्या सुमारास ओहायोत सेशन तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांना ऐकवायला सुरुवात केली. 1942 च्या पुस्तकात तर एका क्लायंटच्या आठही भेटींचा संवाद पूर्ण छापला. आमच्याकडे रेकॉर्डिंगला परवानगी क्वचितच मिळते, म्हणून स्मरणावर भिस्त. त्यात सुपरव्हिजन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सेशनवर अनुभवी समुपदेशकाची देखरेख, किती आणि कसं, हे कॉलेजगणिक बदलतं. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या अभ्यासक्रमांवर निदान त्यांना मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा वचक असतो. आमच्याकडे बरंचसं शिकवणाऱ्याच्या चिकाटीवर चालतं. मला हे अजिबात पटत नाही.

यंदा नवीन टूम निघालीय: 'मॅडम, फोनला डिक्टेट केलं तर? तो आपोआप टाइप करतो.' क्लायंटचं बोलणं कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसेल ते तुम्हाला सांगता येणार असेल तर करा, म्हटलं. नाहीतर वही आणा. नाव न घालता, आद्याक्षरंही नकोत.