तुम्ही विचारलंत म्हणून: गिटार अ‍ॅम्पच्या कॅबिनेटमध्ये (स्पीकरच्या पेटीत) नवा स्पीकर कोणता टाकू?

गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर फाटला, किंवा फाटला नाही पण आवाज आवडेनासा झाला, की हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याला एखादं नाव हवं असतं. नाव नंतर. आधी ओहम (विद्युत रोध), वॉट (पॉवर) आणि डेसिबल (आवाजाचा जोर) हे तीन आकडे बघा. त्यातल्या डेसिबलकडे फारसं कुणी बघत नाही, आणि फरक बहुधा तिथेच पडतो.

ओहम जुन्या स्पीकरच्या मॅग्नेटवर छापलेले असतात. पुसले गेले असतील तर वायर सोडवून मल्टिमीटर लावा. मीटरवर आकडा कमीच दिसतो: 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो, 16 चा 12-13. दोन 8 ओहमचे पॅरलल जोडले तर 4, सिरीजमध्ये 16. चार एकसारखे असतील आणि दोन-दोनच्या सिरीज जोड्या पॅरलल केल्या, तर एकूण एका स्पीकरइतकेच. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला जास्त ओहम चालतात, फक्त आवाज थोडा कमी येतो. त्यावर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) आकडा जुळवूनच घ्या. आणि स्पीकर काढलेला असताना ट्यूब अ‍ॅम्प वाजवून बघायचा मोह टाळा, लोड (जोडलेला स्पीकर) नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

अ‍ॅम्पवरचे 50 वॉट हे स्वच्छ आवाजाचे असतात. ओव्हरड्राइव्हमध्ये (आवाज फाटेपर्यंत वाढवल्यावर) तोच अ‍ॅम्प त्याहून बराच जास्त पॉवर देतो. म्हणून स्पीकरची एकूण क्षमता दीडपट ते दुप्पट ठेवावी. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर 25 वॉटचा. 50 वॉटच्या अ‍ॅम्पला तो एकटा लावलात तर व्हॉइस कॉइल (स्पीकर हलवणारी तारेची गुंडाळी) जळू शकते; चार लावले तर निवांत. सारख्याच ओहमच्या मिश्र जोडीत दुबळ्याच्या आकड्याची दुप्पट धरायची: 25 आणि 60 ची जोडी 85 वॉटची नव्हे, 50 ची.

आता डेसिबल. 1 वॉट दिल्यावर 1 मीटरवर स्पीकर किती जोरात वाजतो, त्याचा हा आकडा. 3 डेसिबलचा फरक म्हणजे पॉवर दुप्पट करण्याइतका. सेलेस्टियन व्हिंटेज 30 चा आकडा 100, त्याच कंपनीच्या जी12टी-75 चा 97. म्हणजे पहिल्यावर 25 वॉटमध्ये जेवढा आवाज येतो, तेवढ्यासाठी दुसऱ्याला 50 लागतात. अ‍ॅम्प बँडमध्ये ऐकूच येत नसेल तर नवा अ‍ॅम्प घेण्याआधी हा हिशेब करा. उलट घरी वाजवणाऱ्याला कमी डेसिबलचा स्पीकर सोयीचा, व्हॉल्यूम जरा वर नेता येतो. एकाच कॅबिनेटमध्ये हे दोन्ही टाकले तर व्हिंटेज 30 पुढे येतो आणि दुसरा मागे राहतो, त्यामुळे मिश्रणासाठी एक-दोन डेसिबलच्या आतले निवडा.

बाकी टोन. व्हिंटेज 30 वरच्या मिडमध्ये (मधल्या सुरांच्या वरच्या भागात) उठतो. आधीच कर्कश असलेल्या अ‍ॅम्पला तो नको. मॅग्नेट अल्निकोचा की सिरॅमिकचा या वादात गरजेपेक्षा जास्त वेळ जातो, कोन (स्पीकरचा पुढचा थरथरणारा पडदा) आणि कॉइलचाही वाटा तेवढाच असतो. निओडिमियम मॅग्नेटचा फायदा हलक्या वजनात, तो खरा आहे. पीएचा (सभा-कार्यक्रमांच्या लाउडस्पीकर यंत्रणेचा) स्पीकर मात्र टाकू नका: गिटारचा स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, म्हणूनच डिस्टॉर्शन कानाला सहन होतं.

कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) असेल तर विकत घेण्याआधी मॅग्नेटची खोली मोजा, मागे ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबला अडतो. बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकीकडून दाबून आवळले की फ्रेम वाकते, कॉइल घासते आणि खालच्या सुरांवर खरखर येते. कोनवर पुठ्ठा ठेवा. स्क्रूड्रायव्हर एकदा निसटला की नवा कोरा कोन गेला. आतली वायर स्पीकरचीच हवी, गिटारची केबल नको.

एकाहून जास्त स्पीकर असतील तर शेवटी पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) तपासा. कॅबिनेटची वायर अ‍ॅम्पमधून काढा आणि प्लगच्या टोकाला 9 व्होल्ट बॅटरीचं प्लस, दांड्याला मायनस क्षणभर लावा. सगळे कोन बाहेरच्या दिशेला उडाले पाहिजेत. एखादा आत गेला तर त्याच्या दोन वायर उलट करा, नाहीतर बास गायब होतो. जेबीएल कंपनीचे जुने स्पीकर प्लसवर आत जातात, तेव्हा त्यांच्या टर्मिनलच्या रंगावर विसंबू नका.