रनिंग बॅक तुलना: ॲल्जियरने शीट बिघडवली

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू, ताडून पाहण्याची ही शीट. आधी सोपा निकाल: वजन आणि वेग जोडणाऱ्या स्पीड स्कोअरचा रकाना शीटमधून बाद. वजन गुणिले 200, भागिले 40 यार्ड धावण्याच्या वेळेचा चौथा घात, या हिशेबाने गिब्ज 110.1, बिजान रॉबिन्सन 108.7 आणि बकी अर्व्हिंग (192 पौंड, 4.55 सेकंद) जेमतेम 89.6. त्याच अर्व्हिंगने 2024 मध्ये 207 कॅरींत (चेंडू घेऊन केलेल्या धावांत) 1,122 यार्ड काढले. नवखा जेंटी तर कम्बाइनमध्ये (लीगच्या निवडीआधीच्या चाचणी शिबिरात) 40 यार्ड धावलाच नाही, म्हणजे तिथे रकाना कोराच.

खरी डोकेदुखी सहकारी-फरकाची. बॅकला वाट मोकळी करून देणारी लाइन तीच, डावपेचांचं प्लेबुक तेच. मग बॅकच्या दर कॅरीमागच्या यार्डांच्या सरासरीतून संघातल्या जोडीदार बॅकची सरासरी वजा केली की लाइनचं श्रेय गळून पडावं, एका खेळपट्टीवरचे दोन फलंदाज ताडून पाहावेत तसं. डेट्रॉइटमध्ये 2024 ला गिब्ज 5.65, जोडीदार माँटगोमेरी 4.19. झकास. अटलांटात मात्र बिजान 2023 मध्ये जोडीदार ॲल्जियरपेक्षा 0.89 ने पुढे (4.56 विरुद्ध 3.67), आणि 2024 मध्ये 1,456 यार्ड काढूनही फक्त 0.09 ने! बिजान घसरला नाही, ॲल्जियर 137 कॅरींत 4.70 वर गेला.

कारण गणितात आहे. एका कॅरीचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) साधारण 6 यार्ड. 304 आणि 137 कॅरींच्या फरकात प्रमाण त्रुटी (नुसत्या योगायोगाने पडू शकणारा फरक) 0.6 च्या वर जाते. एक 70 यार्डांची धाव 137 कॅरींची सरासरी अर्ध्या यार्डाने उचलते. म्हणजे 0.89 आणि 0.09 यांतला फरक निव्वळ गोंगाट असू शकतो. शिवाय थर्ड अँड वनला (तिसरा प्रयत्न, एक यार्ड बाकी) दोन यार्ड काढणारा आपलं काम चोख करतो, आणि सरासरीत मार खातो.

तात्पुरता इलाज: नील (मुद्दाम गुडघा टेकून संपवलेले), टू-पॉइंट (टचडाउननंतरचे जादा प्रयत्न) आणि गोल-टू-गो (गोलरेषेजवळचे) प्ले गाळा, दोन किंवा कमी यार्ड हवे असलेले डाउनही (प्रयत्नही) गाळा, आणि उरलेली प्रत्येक धाव 15 यार्डांवर कापा (त्याहून लांब असली तरी 15 च धरा). जुळणी खेळाडूच्या आयडीवर करा, आखूड नावावर नको. लीगमध्ये ब्रायन रॉबिन्सनही आहे, म्हणजे आखूड नाव दोघांचंही बी. रॉबिन्सन. डेटासाठी एनएफएलव्हर्सचं प्ले-बाय-प्ले (प्रत्येक खेळीची नोंद) फुकट आणि भरवशाचं आहे. पायथनवाल्यांनी एनएफएल-रीडपाय हे पॅकेज घ्यावं, जुन्या पॅकेजच्या नादी लागू नये. पैसे मोजून मिळणाऱ्या ग्रेड्स मात्र सूत्र न दाखवता आकडा देतात, त्यांचं वजन इथे शून्य.

पण कापणीत मायामीच्या अचेनसारख्याचा जीवच जातो. 2023 मधल्या त्याच्या 103 कॅरींतल्या 800 यार्डांचं मोल लांब धावांतच आहे. तेव्हा कापणी रद्द, दोन वेगळे रकाने: यशदर (फर्स्ट डाउनला हव्या त्या यार्डांच्या 40 टक्के, सेकंडला 60, पुढे पूर्ण) आणि 15 पेक्षा जास्त यार्डांच्या धावांचं प्रमाण.

मोसमही एकत्र मोजायचे. 2023 आणि 2024 मिळून बिजान ॲल्जियरपेक्षा 0.59 ने पुढे, गिब्ज माँटगोमेरीपेक्षा 1.03 ने. त्रुटी 0.43 च्या आसपास उतरते. तरी गिब्ज बिजानपेक्षा वरचढ असं छातीठोक म्हणता येत नाही. अचेनचे 2024 मधले 78 झेल यात कुठेच नाहीत, त्यासाठी रूटमागे यार्ड (पास घ्यायला पळलेल्या दर मार्गामागचे यार्ड) हा रकाना लागेल.

जेंटीचे बॉइझी स्टेट कॉलेजच्या एका मोसमातले 2,601 यार्ड बाजूला. कॉलेजचा विक्रम असलेले बॅरी सँडर्सचे 2,628 अकरा सामन्यांतले, याचे चौदा सामन्यांतले. व्यावसायिक कॅरी 200 च्या पुढे गेल्याशिवाय कुठल्याच नवख्याला क्रमांक नाही, मग तो जेंटी असो वा हॅम्प्टन.