पान उघडलं, पण थांबणार का?

स्वतःचा ब्लॉग काढायचा म्हटलं की माणूस लिहायला बसत नाही, आधी नाव शोधत बसतो. मग त्या नावाला लोगो, मग वर लावायला फोटो, तो बहुतेक मरीन ड्राइव्हचा आणि पावसातलाच असतो, मुंबईत राहून मराठीत लिहिणाऱ्यांना दुसरा फोटो सापडतच नाही की काय कोण जाणे. मग मागचा रंग फिका पिवळा ठेवायचा की पांढरा यावर घरातल्या सगळ्यांची मतं घ्यायची. पार्ल्याचा माझा एक मित्र, नोकरीला बीकेसीत, तो गेले कित्येक महिने हेच करत होता. माझं काम पानं लावायचं, म्हणजे डीटीपीचं, त्यामुळे साहजिकच तो माझ्या मागे लागला, "अरे बघ ना जरा, लोक यायला हवेत आणि आले की थांबायला हवेत."

यायचं कसं ते मला विचारू नका, ते शिकवणारे क्लास चालतात. पण थांबण्याबद्दल थोडंफार सांगता येतं.

आधी वाचणारा कुठे उभा आहे ते बघायला लागतं. इथे उभाच असतो तो. सकाळच्या विरार लोकलमध्ये एका हातात वरची कडी, पाठीवरची बॅग पोटावर घेतलेली, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर तुमचा सगळा ब्लॉग चाललेला. दारातून ऊन येतंय, रेंज मधेच जातेय. तुमचा तो पावसाळी फोटो उघडेपर्यंत अंधेरी येते आणि तो उतरून जातो.

मग अक्षर. यावर मी जरा जास्तच बोलणार, धंदाच तो आहे. बहुतेक तयार टेम्प्लेट इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात, आणि इंग्रजी अक्षराला वरखाली फारशी जागा लागत नाही. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, हलन्त. 'कर्तृत्व' एवढा एकच शब्द घ्या, वर रफार आहे आणि खाली ऋकारही आहे. ओळी जवळजवळ ठेवल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन टेकतो, आणि वाचणाऱ्याला कळत नाही काय बिघडलंय, फक्त कंटाळा येतो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवावी, जमलं तर पावणेदोनपट, आणि अक्षर मोबाइलवर 18 पिक्सेलच्या खाली नको. दुसरं म्हणजे अक्षरांत अंतर वाढवायची ती जी सोय असते ना, इंग्रजीत छान दिसते म्हणून लोक मराठीलाही लावतात, आणि शिरोरेषा तुटते. प्रत्येक अक्षर वेगळं लोंबकळतं. तिरकी अक्षरंही तशीच, पुष्कळ देवनागरी फॉन्टमध्ये तिरकी केलेलीच नसतात, ब्राउझर सरळ अक्षराला ढकलून वाकडं करतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा. दोन्ही कडा सरळ करायचा मोहही आवरा, आपले शब्द लांब, फोनची रुंदी एवढीशी, मग एका ओळीत तीनच शब्द आणि मधे खिंडारं.

फॉन्टसाठी पैसे खर्च करायची गरज नाही. मुंबईच्याच 'एक टाइप'वाल्यांनी केलेला मुक्ता फुकट मिळतो आणि लहान पडद्यावरही नीट वाचता येतो. आपल्या आधीच्यांनी काय सोसलंय ते आठवलं की याची किंमत कळते. यूनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेतल्या अक्षराला संगणकात ठरलेला एकच क्रमांक देणारी पद्धत, 1991 मध्ये आला आणि त्यात देवनागरी पहिल्यापासून होती, पण आपल्या सवयीत उतरायला बराच वेळ गेला. तोवर मेलवर मराठी लेख आला आणि आपल्याकडे तोच फॉन्ट नसला की नुसती कंस-टिंबांची खिचडी दिसायची. मग विंडोजमध्ये 'मंगल' आला, तो र. कृ. जोशींचा, आपल्या पवईच्या आयआयटीत आयडीसीला, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात, शिकवायचे ते. मंगल दिसायला कसा यावर आमच्या धंद्यात अजून भांडणं होतात, पण आमच्या आत्याला पहिल्यांदा मराठी मेल वाचता आला तो त्याच्यामुळेच.

तर मित्राचं पान मी उघडलं आणि दुसऱ्याच ओळीवर चौकट आली, 'आमचे सदस्य व्हा, ईमेल द्या'. अरे, पाहुणा अजून चपला काढतोय आणि तू दारातच गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक पुढे करतोस! म्हणाला, सगळे ठेवतात. आत्याच्या फोनवर तर ती चौकट बंद करायची फुलीच पडद्याबाहेर गेली होती. तिने मला फोन केला, "तुझ्या मित्राला सांग, लेख चांगला असेल, मला फक्त चौकट दिसली."

'माझ्याविषयी' हे पान तर सगळीकडे सारखंच. 'शब्दांच्या प्रवासाला निघालेलं एक संवेदनशील मन.' यात कळत काहीच नाही. त्यापेक्षा कुठे राहता, काय काम करता, कशावर लिहिणार, तीन ओळी पुरे. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला इथेच मुंबईत 'दर्पण' काढलं तेव्हा एकाच पानावर एक रकाना मराठी आणि शेजारी इंग्रजी असा ठेवला होता. कोण वाचणार ते आधी ठरवलं आणि मग पान आखलं. आम्ही उलट करतो.

पण खरी गंमत झाली ती लेखात. मित्राने पहिला लेख लिहिला डबलडेकरवर. 1937 साली बेस्टने मुंबईत डबलडेकर सुरू केली इथून सुरुवात, 15 सप्टेंबर 2023 ला जुनी डिझेलवाली शेवटची धावली इथे शेवट, मधे सगळी माहिती, सगळी बरोबर. आणि प्रतिक्रिया काय, तर 'छान', 'सुंदर लेख' आणि हात जोडलेले. मी म्हटलं, तू कुठे बसायचास? "वर, अगदी पुढच्या खिडकीत, हिंदू कॉलनीतून जाताना झाडाच्या फांद्या काचेवर फटाफट आपटायच्या आणि आम्ही मुद्दाम डोकं खाली घ्यायचो, काच असूनही." म्हटलं, हे टाक सगळ्यात वर, आणि 1937 खाली जाऊ दे.

त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नका. एका बाई म्हणाल्या, फांद्यांना घाबरून डोकं आम्हीही खाली घ्यायचो पण आमच्या रूटवर. एकाने वरच्या आणि खालच्या कंडक्टरमध्ये घंटीवरून कशी गडबड व्हायची ते लिहिलं, त्यावर दुसऱ्याने लिहिलं की दोरी अशी नव्हतीच, मग दोघांची जी जुंपली ती अजून मिटलेली नाही, आणि हा मित्र मध्यस्थी करायला गेला की दोघेही त्यालाच गप्प करतात. कुणी त्याची एक तारीख तपासून दिली, कुणी जिन्याचं वर्णन पूर्ण केलं, तो जिना वळायचा कुठे आणि ब्रेक लागला की माणूस कुठल्या बाजूला पडायचा इथपर्यंत. माझं मत विचाराल तर मित्राच्या लेखापेक्षा ते सगळं जास्त वाचनीय आहे. त्याला सांगितलं नाहीये अजून.

आणि मग एका आजोबांचा मेल आला, डबलडेकरचं काय घेऊन बसलात, आम्ही ट्रामने दादरहून बोरीबंदरला जायचो, 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम बघायला गर्दी केली होती आम्ही, लिहून देऊ का? हाताने लिहितात ते, दोन्ही बाजूंना, ओळी तिरक्या. वहीच्या पानांचे फोटो नातू पाठवतो आणि माझा मित्र शनिवारी बसून टाइप करतो, एखादा शब्द लागला नाही की फोन करून विचारतो, आणि आजोबा त्या एका शब्दासाठी अर्धा तास बोलतात.