शातकर्णीची फौज : हौदा एकदाचा उतरला

निघाला! टेबलावरच्या युद्धखेळासाठी सातवाहन राजा शातकर्णीची धातूच्या चिमुकल्या बाहुल्यांची (फिगरची) फौज उभी करतोय, तिच्या चारही हत्तींच्या पाठीवरचे हौदे निघाले आणि पहिल्या हत्तीवर माणसं बसली. मागचे भाग वाचलेल्यांना ठाऊक आहे की पायदळ केव्हाच तयार होतं, घोडं अडलं होतं ते हत्तींपाशी. पार्सल फोडलं तेव्हा कठडेवाले चौकोनी हौदे निघाले, तेही सुटे नाहीत, हत्तीच्या अंगासकट ओतलेले. कॅटलॉगमधला फोटो समोरून काढलेला, त्यात कठडा दिसायचा प्रश्नच नव्हता. विक्रेत्याचं नाव घेत नाही. पण १५ मिमीत, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या फिगरमध्ये, ‘क्लासिकल इंडियन’ (प्राचीन भारतीय फौज) मागवणार असाल तर आधी मागून आणि बाजूने काढलेला फोटो मागा, मगच पैसे भरा. कानही बघून घ्या. मोठे पंख्याएवढे कान आणि मध्ये खचलेली पाठ असेल तर तो आफ्रिकन हत्ती, त्याला नुसती झूल घालून भारतीय म्हणून खपवलेला असतो. आपल्या हत्तीची पाठ वर फुगलेली हवी आणि कपाळावर दोन उंचवटे हवेत.

हौदा का नको, हे नव्या मंडळींसाठी थोडक्यात. मेगॅस्थिनीसच्या आधाराने ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय की लढाईच्या हत्तीवर चार जण असतात, एक माहूत आणि तीन तिरंदाज. मनोऱ्याचं नाव नाही. हत्तीवर लाकडी मनोरे बांधायची टूम निघाली ती इ.स.पू. तिसऱ्या शतकात, ग्रीक राजा पिऱ्हसच्या सुमारास, ग्रीक-मॅसिडोनियन फौजांत. आणि सांचीच्या दक्षिण तोरणावर बुद्धाच्या अस्थींवरून झालेलं कुशीनगरचं युद्ध कोरलंय, त्यात हत्तीवरचे लोक सरळ पाठीवर टांग टाकून बसलेत. त्याच तोरणावर राजा सिरी सातकणीच्या, म्हणजे शातकर्णीच्या, कारागिरांचा मुख्य आनंद याचा लेख आहे. म्हणजे सातवाहन फौज उभी करणाऱ्याला याहून जवळचा साक्षीदार मिळणार नाही. एवढं असूनही हौदा ठेवायचा तर मग बुद्धिबळच खेळावं, तिथे हत्तीच्या जागी बुरूज चालतो.

आता करवतीचं. हॉबीवाल्यांच्या महागड्या करवती विसरा. झवेरी बाजारात सोनारांच्या सामानाच्या दुकानांत मिळते ती साधी सोनारी करवत घ्या. फक्त पातं अगदी बारीक दाताचं नको. व्हाइट मेटल (फिगर ओततात तो मिश्रधातू) मऊ, त्याचा चुरा दातांत भरतो आणि पातं जागीच घसरायला लागतं. थोडं भरड पातं, त्यावर मेणबत्ती घासायची आणि हात हलका ठेवायचा. कठड्याचे चार कोपरे आधी सुटे करायचे, मग झुलीच्या रेषेवरून आडवा काप. तोंडाला मास्क, खाली ओला कागद, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे. जुन्या साच्यातल्या फिगरमध्ये शिसं असू शकतं.

हौदा गेला की पाठ जेवणाच्या टेबलासारखी सपाट उरते. तिथे मिलिपुटचा (मळून लावली की घट्ट होणाऱ्या पुटीचा) उंचवटा केला आणि ओला असतानाच टाचणीच्या डोक्याने झुलीच्या चुण्या पाडल्या. पोटाखालच्या दोरासाठी मोडक्या चार्जरच्या वायरीतली तांब्याची दोन तारं एकमेकींना पीळ देऊन वापरली. रंग लागल्यावर तो पीळ असा काही उठून दिसतो की मी तो हत्ती उगाचच दिवसभर ऑफिसच्या बॅगेत घेऊन फिरलो.

खरा छळ झाला तो बसणाऱ्यांचा. घोडेस्वारांच्या फिगर हत्तीवर बसवायच्या, हा सगळ्यांनी दिलेला सल्ला. बसतच नाहीत. घोड्याच्या पाठीला बेतलेल्या मांड्या हत्तीच्या रुंदीला पुरत नाहीत. पाय फाकवायला गेलं की धातू जांघेत पांढरा पडतो आणि कट्ट आवाज येतो. गरम पाण्यात बुडवून वाकवा म्हणणाऱ्यांनी ते प्लास्टिकवर केलेलं असणार; धातूला उकळत्या पाण्याने काही होत नाही. गुडघे टेकलेले तिरंदाजही लावून पाहिले. ते पाठीवर उभे-आडवे कसेही बसले तरी नवस फेडायला आल्यासारखे दिसतात.

उत्तर मिळालं उभ्या तिरंदाजांत. कमरपट्ट्याखाली फिगर कापून टाकायची. धडात अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून तार घालायची, तीच तार दोन्ही बाजूंना मांड्यांसारखी वाकवून पाठीत रोवायची आणि तिच्यावर ग्रीनस्टफचं (फिगर घडवायच्या हिरव्या पुटीचं) धोतर चढवायचं. पोटऱ्या झुलीला चिकटलेल्या दाखवल्या की पावलांची फारशी चिंता उरत नाही. नळदुरुस्तीची पुटी इथे चालत नाही, कडा धरत नाही.

पण स्ट्रॅबोचे चार जण १५ मिमीच्या हत्तीवर मावत नाहीत. मानेवर माहूत आणि मागे दोघे, एवढंच बसतं. तिसरा थेट शेपटीवर जातो. त्यामुळे साध्या हत्तीवर माहूत आणि दोन तिरंदाज ठेवतोय. सेनापतीच्या हत्तीवर एक धनुष्य कमी करून मागे छत्र धरणारा बसवतोय, शिल्पांत राजाच्या मागे असतो तसा. पुस्तकी मोजणीपेक्षा दगडातली बैठक टेबलावर जास्त खरी दिसते, असं माझं मत झालंय.

तिरंदाजांबद्दल दोन शब्द. ग्रीक इतिहासकार एरियनच्या ‘इंडिका’ ग्रंथात माणसाएवढं धनुष्य आहे, जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ताणायचं. बरेच उत्पादक तेच डोळ्यांसमोर ठेवून फिगर घडवतात. पण ती माहिती आली अलेक्झांडरचा आरमारप्रमुख नीअर्कस याच्याकडून, म्हणजे अलेक्झांडरच्या काळातली आणि सिंधू-पंजाबातली. शातकर्णीच्या दख्खनी पायदळाला ती जशीच्या तशी लावायला मी तयार नाही. म्हणून पाय लावलेल्या पोझ बाजूला काढल्या आणि धनुष्य हातात धरलेले घेतले. डोक्याला पुढे गाठ असलेलं पागोटं, छातीवर फुलीत पडलेले पट्टे, लांब ढालीला वरून गोलाई. ज्यांच्या डोक्यावर राजपुती पगडी आणि गालावर कल्ले आहेत ते डब्यात परत.

अंगाच्या रंगाला कॅमलिनचा बर्न्ट सिएना आणि वर पिवळसर मातकट हात, एवढं पुरतं. प्राइमर मात्र ठाण्याच्या पावसात स्प्रेने मारू नका, दमट हवेत पांढरी भुकटी धरते. ब्रशने लावा.

आता मोठा बदल. मूळ बेत गौतमीपुत्र विरुद्ध नहपान असा होता, सानपाड्याचा आपला गडी शकांचे घोडेस्वार रंगवतोय म्हणून. पण माझे सगळे पुरावे सांचीचे, म्हणजे गौतमीपुत्राच्या शंभरेक वर्षं आधीचे. डीबीएची (आपल्या खेळाच्या नियमावलीची) एकच फौजयादी इ.स.पू. ५०० ते इ.स. ५४५ चालते म्हणून आपण हजार वर्षं एकाच पागोट्यात काढायची का? मग फौज मागे न्यायची आणि समोर आणायचा कलिंगाचा खारवेल. ओडिशातल्या हाथीगुंफा लेखात तो सांगतो की राज्याच्या दुसऱ्या वर्षी शातकर्णीला न जुमानता त्याने पश्चिमेकडे फौज धाडली, आणि त्या फौजेत घोडे, हत्ती, पायदळ, रथ असं सगळं मोजून दिलंय. प्रतिस्पर्धी आयता मिळाला! शिवाय दोन्ही फौजांना फिगर त्याच लागतील, ढालींचे रंग तेवढे बदलायचे. खर्च निम्मा. गड्या, तुझा नहपान पुढे ढकललाय, रद्द केलेला नाही. रंगवत राहा.

यात रथांचाही प्रश्न सुटला, जो मी टाळत होतो. खारवेलाकडे आहेत, आणि आपल्या मुरबाडच्या वरच्या नाणेघाटात नागनिकेच्या लेखात यज्ञाच्या दक्षिणेत हत्ती-घोड्यांबरोबर घोड्यांचा रथही आहे. दक्षिणा म्हणून दिलेला रथ लढाईत उतरतोच असं नाही, हा आक्षेप येणार, मान्य आहे. तरी फौजेच्या १२ एलिमेंटांत (तुकड्यांत) एक रथ ठेवतोय.

फक्त माझ्याकडे आहे तो चार घोड्यांचा, सहा माणसांचा रथ, रोमन इतिहासकार कर्टियसने पोरसच्या फौजेत सांगितलेला. तसले हायडॅस्पीसच्या (झेलमच्या) चिखलात रुतले, आणि सांचीत तर दोन घोडे जुंपलेले हलके रथ दिसतात. स्ट्रॅबोकडेही सारथी आणि दोन लढवय्ये एवढेच. कुणाकडे १५ मिमीचा दोन घोड्यांचा हलका रथ पडून असेल, चाकं तुटलेली असली तरी चालेल, तर कळवा. बदल्यात हा सहा जणांचा रथ, न रंगवलेला, आणि वर कापलेले चार हौदे. कुणी सेल्युसिड (पश्चिम आशियातल्या ग्रीक राजांची) फौज करत असेल तर त्याच्या मनोऱ्यांना उपयोगी पडतील. शनिवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनला तलावपाळीच्या बाजूला देवाणघेवाण करू.