मिस्टल, शिपन आणि आमचा कोठा

इथे इंग्लंडमध्ये गोठ्यात राहायला लोक लाखो पौंड मोजतात. वेस्ट यॉर्कशरमध्ये आल्यावर बऱ्याच फाटकांवर 'द मिस्टल' ही पाटी दिसू लागली. इथल्या बोलीत मिस्टल म्हणजे गोठा. गायी गेल्या, दगडी भिंतींच्या आत सोफे आले.

डोंगर ओलांडून लँकेशरमध्ये उतरलं की गोठ्याचा शिपन होतो. नॉर्थम्बरलंडकडे तो बायर, नॉरफोककडच्या जुन्या माणसांच्या तोंडी नीटहाउस. आणि शिपन पुन्हा भेटतो तो थेट खाली डेव्हनमध्ये!

शिपन साधासुधा नाही. सातव्या शतकात व्हिट्बीच्या मठात कॅडमन नावाचा गुराखी होता. मेजवानीत गाण्याची पाळी जवळ आली की तो उठून जाई, कारण त्याला गाता येत नसे. एका रात्री असाच उठून तो गुरांच्या राखणीला गेला, तिथेच झोपला आणि स्वप्नात त्याला गाणं सुचलं. नावानिशी माहीत असलेला इंग्रजीतला पहिला कवी तो. त्याची लॅटिनमधली गोष्ट जुन्या इंग्रजीत आणणाऱ्याने त्या गोठ्याला जो शब्द वापरला, त्याचंच आजचं रूप शिपन.

कुठे काय म्हणत हे इतकं नेमकं कळतं ते लीड्स विद्यापीठाचे बोलींचे अभ्यासक हॅरल्ड ऑर्टन यांच्यामुळे. १९५० ते १९६१ या काळात त्यांची माणसं बोलींची पाहणी करायला ३१३ ठिकाणी गेली. १,३०० हून जास्त प्रश्न, आणि सुरुवात शेतीपासून. उत्तरं देणारे बहुतेक गावातच जन्मलेले म्हातारे शेतकरी. शिकलेला माणूस वही घेऊन त्यांच्यासमोर बसला आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्या अमरावतीकडे गोठ्याला कोठा म्हणतात. पुण्यात शिकताना तो शब्द तोंडून गेला, तर अख्खा वर्ग हसला होता.

पण आपल्याकडे काहीच झालं नाही, असं कुणी म्हणू नये. भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकातच कुडाळी, वारली अशा बोली नोंदवल्या. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने गावोगावची बोली ध्वनिमुद्रित केली आहे. शिवाय आमच्या कोठ्यात अजून गायी बांधल्या जातात, गव्हाणीत वैरण पडते. फोनवर बाबांशी मी कोठाच म्हणतो, आणि आता पुण्याच्या मित्रांशीही.