कुसळ

माळावरून फिरून आलेल्या माणसाचे मोजे पाहावेत. त्यांत कुसळंच कुसळं असतील, तर त्या माळावरून मारवेल आणि शेडा ही चाऱ्याची गवतं बहुधा केव्हाच उठली आहेत. गुरं आधी गोड, मऊ गवत संपवतात आणि मोकळ्या जागेवर कुसळी, म्हणजे ही कुसळं ज्याला येतात ते गवत, पसरते. चराई तरीही थांबली नाही, तर कुसळीही हटते आणि तीन-तीन कुसळांची खुरटी गवतं येतात. तेव्हा टोचतंय तोवर माळाचं अगदीच वाटोळं झालेलं नाही, असं समजायला हरकत नाही.

भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, हवाई बेटं... उष्ण प्रदेशांत मुरमाड उतार आणि वारंवार वणवा लागणाऱ्या टेकड्या दिसल्या की कुसळी असतेच. पाणी साचणारी जागा तिला मानवत नाही. तुरा यायच्या आधी तिला ओळखायचं ते बुडाशी: तिथली पानांची आवरणं चपटी, घडी घातल्यासारखी असतात.

खरी गंमत बियाची. खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले राठ केस आणि वर बोटभर लांब, काळपट, गुडघ्यात वाकलेलं कुसळ. त्याच्या खालच्या भागाला पीळ असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. वाकलेलं शेपूट गवताच्या काडीला अडलं की फिरावं लागतं बियालाच. ते स्क्रूसारखं मातीत उतरतं आणि केसांमुळे मागे येत नाही. हे सगळं मेलेल्या पेशींच्या जोरावर, हे विशेष! वर वणवा पेटला तरी मातीत गेलेलं बी बचावतं. ताजं बी लगेच रुजतही नाही, काही महिने नुसतं पडून राहतं.

माती आणि मेंढी यांतला फरक मात्र त्याला कळत नाही. लोकरीतून ते कातडीत आणि कातडीतून मांसात शिरतं. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्या आणि कान रोज तपासावेत ते यासाठीच.

मोजे तसेच धुवायला टाकू नयेत. ओलीनं कुसळं फिरतात आणि आणखी आत जातात. शेपटी धरून ओढणं त्याहून वाईट. ती तुटते आणि टोक आतच राहतं. मोजा उलटा करावा, टोक चिमट्यात धरावं आणि ते ज्या दिशेनं निघालं होतं त्याच दिशेनं बाहेर काढावं. वेळ लागतो, पण दुसरा इलाज नाही.

वैरणीसाठी कापायचं तर फुलोरा सुरू होतानाच. आठवडे गेले की कुसळं कडक होतात आणि गुरांच्या हिरड्यांत रुततात. ती गळून गेल्यावर कापलं तर टोचत नाही, पण तोवर काडीत कस उरलेला नसतो. हवाईत याच गवताला पिली म्हणतात आणि पूर्वी तिथली घरं त्यानं शाकारत. छपराला कस लागत नाही.